अल्बेरुनी आणि त्याचा हिंदुस्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बेरुनी, अल-बिरूनी की अबू रैहान? नेमके नाव काय?

गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानावर अरबीत ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद. फारसीत ‘बिरून’ म्हणजे बाहेर, आणि ‘बिरूनी’ म्हणजे वेशीबाहेरच्या वस्तीतला. ख्वारिज्मची राजधानी काथ हिच्या बाहेरच्या भागात तो सप्टेंबर ९७३ मध्ये जन्मला, म्हणून हे उपनाव त्याला चिकटले. अमुदर्या नदीकाठचा हा प्रदेश आज उझबेकिस्तानात येतो, आणि काथच्या जागेजवळच्या गावाला आता त्याचेच नाव दिलेले आहे. मराठीत ‘अल्बेरुनी’ हे रूप बऱ्याच काळापासून रुळलेले असल्यामुळे येथे तेच वापरले आहे.

तो फारसी विद्वान होता की अरबी?

त्याचे ग्रंथ बहुतेक सगळे अरबीत आहेत, पण तो अरब नव्हता. त्याची मातृभाषा ख्वारिज्मी होती. ती इराणी कुळातली, फारसीच्या नात्यातली भाषा होती आणि पुढे ती लुप्त झाली. फारसी संस्कृतीच्या परिघात वाढलेला म्हणून त्याला फारसी विद्वान म्हणण्याचा प्रघात पडला आणि तो चुकीचा नाही. स्वतः त्याला मात्र फारसीचे फारसे कौतुक नव्हते. औषधींवरच्या आपल्या अखेरच्या ग्रंथात तो लिहितो की, फारसीत झालेल्या स्तुतीपेक्षा अरबीत झालेली निंदा आपल्याला अधिक प्रिय आहे. आपल्या मातृभाषेबद्दल तर त्याने म्हटले आहे की, तिच्यात शास्त्र लिहिणे म्हणजे पन्हळीवर उंट चढवण्यासारखे विचित्र दिसेल. मायबोलीबद्दल असे लिहिणारा माणूस वाचताना आपल्याला जरा टोचतो. परंतु त्या काळी शास्त्राची भाषा अरबी होती, जशी आपल्याकडे ती संस्कृत होती, आणि ज्ञानेश्वरीला अजून सुमारे अडीचशे वर्षे अवकाश होता, हे विसरता येत नाही.

त्याचे आश्रयदाते कोणकोण होते?

एकामागून एक बरेच होते, आणि त्यांतले बहुतेक त्याच्या देखत पदच्युत झाले किंवा मारले गेले. पहिला आधार काथच्या जुन्या ख्वारिज्मशाही घराण्याचा होता. त्याच घराण्यातला गणिती अबू नस्र मन्सूर हा त्याचा गुरू. ९९५ मध्ये गुरगंजच्या अमिराने काथ जिंकून ते घराणे बुडवले, तेव्हा बाविशीतल्या अल्बेरुनीला पळ काढावा लागला. राजकारणाच्या या धांदलीतही त्याचे वेध घेणे थांबले नव्हते. मे ९९७ मधले चंद्रग्रहण त्याने पुन्हा काथमध्ये येऊन पाहिले, तेच ग्रहण अबुल वफा या गणितज्ञाने बगदादमध्ये पाहिले, आणि दोन्हीकडच्या वेळांतल्या फरकावरून दोन्ही शहरांच्या रेखांशांतले अंतर काढले गेले.

पुढे बुखाऱ्याच्या सामानी दरबारातून तो कास्पियन समुद्राच्या आग्नेयेला गुरगान येथे काबूस इब्न वुश्मगीर याच्या पदरी गेला. निरनिराळ्या लोकांच्या कालगणना आणि सणवार यांवरचा ‘आसार अल-बाकिया’ हा त्याचा पहिला मोठा ग्रंथ इ. स. १००० च्या सुमारास त्याने या काबूसलाच अर्पण केला. काबूस स्वतः उत्तम अक्षराचा आणि साहित्याचा जाणकार होता, पण शिक्षा देण्यात इतका क्रूर की अखेर त्याच्याच लोकांनी त्याला पदच्युत केले.

त्यानंतर अल्बेरुनी मायदेशी परतला आणि गुरगंजच्या मामून घराण्याच्या सेवेत राहिला. अबुल अब्बास मामून या शाहाजवळ तो काही वर्षे सल्लागार होता. या काळाबद्दल त्याने स्वतः लिहिलेला एक प्रसंग बैहकी या इतिहासकाराने जतन केला आहे. शाह एकदा घोड्यावरून त्याच्या दाराशी आला आणि त्याला बाहेर बोलावले. त्याला यायला किंचित उशीर झाला तेव्हा शाह स्वतःच उतरू लागला आणि म्हणाला की, विद्येकडे लोक जातात, विद्या लोकांकडे येत नाही. याच शाहाचा १०१७ मध्ये बंडखोरांनी खून केला. तो गझनीच्या महमूदाचा मेहुणा होता. त्याच्या खुनाचा सूड हे निमित्त करून महमूदाने ख्वारिज्म गिळंकृत केले आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेले. त्यांत अल्बेरुनी होता.

गझनीत त्याने महमूद, मग मसूद आणि मग मौदूद अशा तीन सुलतानांचा काळ पाहिला.

म्हणजे तो महमूदाचा कैदी होता का?

सुरुवातीला त्याची अवस्था ओलिसासारखी होती, असे म्हणता येईल. मर्जीने तो गझनीला गेला नव्हता आणि मर्जीने परत जाऊ शकत नव्हता. ऑक्टोबर १०१८ मध्ये तो काबूलजवळच्या एका खेड्यात होता. मनःस्थिती अत्यंत वाईट आणि जवळ एकही उपकरण नाही, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. तेव्हा त्याने हिशेबाची धूळपाटी उलटी केली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा कंस काढून अंश आखले, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजून त्या जागेचे अक्षांश काढले.

महमूदाने त्याला छळले, असा ठोस पुरावा मात्र नाही. चार दरवाजांच्या महालाची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती बाराव्या शतकातल्या निजामी अरूजीची आहे. मी कोणत्या दाराने बाहेर पडेन, असे महमूद विचारतो, अल्बेरुनी उत्तर कागदावर लिहून ठेवतो, महमूद भिंत फोडून पाचवे दार करतो आणि कागदावर नेमके तेच लिहिलेले निघते. फलज्योतिषाच्या पोतडीतली ही गोष्ट ऐकायला छान आहे. ती इतिहास म्हणून घेऊ नये, इतकेच.

हिंदुस्थानात तो कुठवर फिरला?

लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. पेशावर, वैहिंद, झेलम, नंदना, सियालकोट, लाहोर, मुलतान अशा ठिकाणांचे अक्षांश त्याने स्वतः मोजून दिले आहेत आणि यापलीकडे आपण गेलो नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलेला हिंदुस्थान हा मुख्यतः पंजाब आणि त्याच्या आसपासचा. काशी, कनोज, काश्मीरचे खोरे, सोमनाथ, ठाणे यांबद्दल जे आहे ते ग्रंथांतून वाचलेले किंवा पंडित, प्रवासी, व्यापारी यांच्या तोंडून ऐकलेले. ही मर्यादा तो लपवत नाही. प्रत्यक्ष पाहणे ऐकण्याहून श्रेष्ठ, या वाक्यानेच त्याच्या ग्रंथाची सुरुवात होते. त्याला उद्धृत करणारे मात्र ही मर्यादा हमखास विसरतात, आणि अल्बेरुनीविषयीचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

तो संस्कृत कसा शिकला?

चाळिशी उलटल्यावर, आणि कष्टाने. अडचणींचा पाढा त्याने पहिल्याच प्रकरणात वाचला आहे. एका वस्तूला अनेक शब्द आणि एका शब्दाचे अनेक अर्थ. लेखनिक बेफिकीर, त्यामुळे एकदोन नकलांतच ग्रंथ ओळखू येईनासा होतो. शास्त्रही श्लोकांत, त्यामुळे छंद भरण्यासाठी पाल्हाळ. सर्वांत मासलेवाईक तक्रार उच्चारांची आहे. पंडिताच्या तोंडून शब्द ऐकायचा, जिवापाड मेहनत करून तो अरबी लिपीत उतरवायचा आणि पुन्हा त्याच पंडिताला वाचून दाखवायचा, तर त्याला तो ओळखू येत नसे. ज्या लिपीत ट आणि त वेगळे नाहीत तिच्यात संस्कृत लिहून पाहिले की त्याची व्यथा लगेच कळते.

ज्योतिषांपुढे आपण आधी शिष्यासारखे उभे राहिलो, असे तो सांगतो. मग त्यांची रीत समजल्यावर त्याने कारणमीमांसा सांगायला सुरुवात केली, तेव्हा ते चकित होऊन विचारू लागले की, तू हे कोणत्या हिंदू गुरूकडून शिकलास. त्यांनी आपल्याला जवळजवळ मांत्रिकच ठरवले, समुद्र म्हटले, ज्याच्यापुढे शिर्काही गोड लागेल असे आंबट पाणी म्हटले, हे तो थोड्या फुशारकीनेच नोंदवतो. विनय हा त्याचा गुण नव्हता.

देवघेव मात्र दोन्ही बाजूंनी होती. पतंजलीच्या योगावरचा आणि सांख्यांचा ग्रंथ त्याने अरबीत आणला. उलट दिशेने युक्लिडचे भूमितीचे ग्रंथ, टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ आणि यंत्रराज हे वेधयंत्र कसे करावे याची माहिती हिंदूंसाठी संस्कृतात, तीही श्लोकांत, उतरवण्याच्या खटाटोपात आपण आहोत, असे त्याने लिहिले आहे.

हिंदुस्थानावरच्या ग्रंथाचे नाव काय आणि त्यात काय आहे?

पूर्ण नाव ‘तहकीक मा लि-ल-हिंद मिन मकूला मकबूला फि-ल-अक्ल औ मर्जूला’. मराठी माणसाला यातले अर्धे शब्द कोशाशिवाय कळतात. तहकीकात आपण रोज म्हणतो, कबूल आणि अक्कल तर घरचेच. अर्थ असा : हिंदूंनी जे म्हटले आहे, मग ते अकलेला कबूल होणारे असो वा टाकून देण्याजोगे, त्याची तहकीक.

महमूद ३० एप्रिल १०३० रोजी मेला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत, त्याच्या मुलांत गादीचा तंटा चालू असताना, हा ८० प्रकरणांचा ग्रंथ पुरा झाला. तो कोणत्याही सुलतानाला अर्पण केलेला नाही. ईश्वर, आत्मा, मोक्ष यांपासून वर्ण, मूर्ती, वेद-पुराणे, छंद, वजन-मापे, लिप्या, भूगोल, कालगणना, ग्रहगणित, श्राद्ध, उपास, सण असा त्याचा पसारा आहे. हा खंडनमंडनाचा ग्रंथ नव्हे, असे तो सुरुवातीलाच बजावतो. पद्धत अशी की, आधी हिंदूंचे मत त्यांच्याच ग्रंथातून द्यायचे आणि मग शेजारी ग्रीक, सूफी, कधी ख्रिस्ती मत ठेवायचे.

अभिप्राय तो देतोच, आणि ते बोचरे असतात. हिंदूंच्या गणित-ज्योतिषात मोती आणि शेण एकत्र आहेत आणि त्यांना दोन्ही सारखीच, असे त्याने म्हटले आहे. ब्रह्मगुप्ताबद्दलचे त्याचे लिखाण तर सावकाश वाचण्यासारखे आहे. ग्रहण पृथ्वीच्या आणि चंद्राच्या छायेमुळे होते हे ब्रह्मगुप्ताला पक्के ठाऊक होते, त्याचे गणित त्यावरच उभे होते, तरी ६२८ मध्ये लिहिलेल्या सिद्धांतात त्याने राहूची बाजू घेतली. अल्बेरुनी या गोष्टीने अस्वस्थ होतो. आधी तो ब्रह्मगुप्ताला खडसावतो आणि मग स्वतःच त्याची कड घेत म्हणतो की, कदाचित सॉक्रेटिसासारखा प्रसंग त्याच्यावर गुदरला असेल, म्हणून त्याला सदसद्विवेकाविरुद्ध लिहावे लागले असेल. दरबारांच्या लहरीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कारण सुचावे, यात आश्चर्य नाही.

‘हिंदू गर्विष्ठ आहेत’ असे त्याने लिहिले आहे, हे खरे का?

खरे आहे, पण अर्धे. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखे राजे नाहीत, आपल्यासारखे शास्त्र नाही, असा हिंदूंचा समज आहे आणि मूर्खपणावर औषध नसते, असे तो लिहितो. लोक इथे थांबतात. पुढे तो म्हणतो की, हे लोक प्रवास करते, इतरांत मिसळते, तर त्यांचे मत बदलले असते, कारण त्यांचे पूर्वज असे संकुचित नव्हते. पुरावा म्हणून तो वराहमिहिराचा आधार देतो. ‘म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम् । ऋषिवत्तेऽपि पूज्यन्ते’ हे बृहत्संहितेतले वचन त्याच्या डोळ्यांपुढे आहे. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेले आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात, असा त्याचा अर्थ.

आणि त्याच प्रकरणात, थोडे आधी, दुसरे प्रसिद्ध वाक्य आहे : महमूदाने या देशाची भरभराट पार धुळीला मिळवली, हिंदू धुळीच्या कणांसारखे चहूकडे विखुरले गेले, उरलेल्यांच्या मनात मुसलमानांबद्दल तीव्र तिटकारा आहे, आणि म्हणूनच त्यांची शास्त्रे आमचा हात अजून पोचत नाही अशा काश्मीर, काशीसारख्या ठिकाणी निघून गेली. याच वाक्यात महमूदाच्या पराक्रमाला तो ‘अद्भुत’ही म्हणतो, हे सांगायचे राहू नये. एक गट पहिले वाक्य उचलतो, दुसरा गट दुसरे. अल्बेरुनीने मात्र दोन्ही एकाच प्रश्नाची कारणे म्हणून दिली आहेत, आणि तो प्रश्न असा की, या लोकांचे मन परक्याला समजणे इतके अवघड का जाते.

पराभूतांची बाजू मांडताना त्याची लेखणी कधी अडखळत नाही. महमूदाने बुडवलेल्या हिंदू शाही घराण्याबद्दल, त्यांनी वैभवाच्या काळातही सत्कर्माची आस सोडली नाही, असे तो लिहितो आणि त्या घराण्यातल्या आनंदपालाने महमूदाला लिहिलेले पत्र उतरवून देतो. तुर्कांनी तुझ्याविरुद्ध बंड केले आहे असे कळते, ५,००० स्वार, १०,००० पायदळ आणि १०० हत्ती घेऊन मी मदतीला येतो. तू मला जिंकले आहेस, तुला दुसऱ्या कोणी जिंकावे असे मला वाटत नाही, असा त्याचा मजकूर आहे. हे लिहिले गझनीत बसून.

सोमनाथबद्दल तो काय सांगतो?

ही नोंद भरती-ओहोटीच्या प्रकरणात आहे, मूर्तींच्या नव्हे. सोम म्हणजे चंद्र, चंद्रामुळे भरती येते, भरतीचे पाणी लिंगाला स्नान घालते, म्हणून तो सोमनाथ, अशी उपपत्ती तो देतो. रोज गंगेचे पाणी आणि काश्मीरची फुले तेथे येत, असे त्याने ऐकले होते. या स्थानाची कीर्ती वाढण्याचे कारण म्हणून तो बंदर दाखवतो, कारण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चीनकडे जाणारी गलबते तेथे थांबत. हिजरी ४१६ मध्ये महमूदाने लिंग फोडले, वरचा भाग तोडला आणि उरलेला गझनीला नेला; त्याचा एक तुकडा ठाणेश्वरच्या चक्रस्वामीच्या मूर्तीसह मैदानात टाकलेला आहे आणि दुसरा मशिदीच्या दाराशी, पायांचा चिखल पुसण्यासाठी, असे तो लिहितो. सोमनाथ त्याने पाहिले नव्हते, पण गझनी त्याच्या रोजच्या वावरातली होती.

महाराष्ट्र आणि कोकण यांचा उल्लेख खरोखर आहे का?

आहे, आणि तो अठराव्या प्रकरणात, मार्गांच्या यादीत. धार नगरीहून दक्षिणेकडे निघाल्यावर आधी एक दरी, तेथून १८ फरसखांवर ‘महरट्ट-देश’ आणि तेथून २५ फरसखांवर कोकण प्रांत व समुद्रकाठची त्याची राजधानी ‘ताना’, म्हणजे आपले ठाणे. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. दुसऱ्या एका मार्गात गोदावरीच्या काठचे ठिकाण येते. किनाऱ्याने मोजताना सोपारा ते ठाणे हे अंतर तो ५ फरसख देतो. एक फरसख साधारण ६ किलोमीटरचा धरला तर ते ३० किलोमीटर होते. नालासोपाऱ्याहून ठाण्याला जाणारे लोक हा हिशेब स्वतःच ताडून पाहू शकतील. गझनीत बसून, ऐकीव माहितीवर, हे वाईट नाही.

पण लगेच पुढचा मजकूर पाहावा. कोकणातल्या ‘दानक’ नावाच्या मैदानात शरव नावाचा प्राणी असतो, असे लोक सांगतात. त्याला चार पाय खाली आणि पाठीवर वर उगवलेले आणखी चार, लहानशी सोंड आणि दोन मोठी शिंगे. त्या शिंगांनी तो हत्तीला दुभागतो. हा आपला पुराणांतला आणि देवळांवर कोरलेला शरभ. दानक हा शब्द दंडकवरून आलेला असावा. एकाच पानावर ठाण्याचे अंतर जवळजवळ बरोबर आणि ठाण्याच्या रानात आठ पायांचा शरभ! दोन्हींचा उगम एकच, ‘लोक सांगतात’. अंतर व्यापाऱ्यांच्या पायाखालचे होते, शरभ नव्हता.

धारच्या भोजाचाही उल्लेख आहे. तो त्याचा समकालीन. त्याच्या राजवाड्याच्या दारात माणसाच्या अवयवांच्या खुणा दिसणारी चांदीची लगड पडली आहे आणि ती एका फसलेल्या रसायनसिद्धीची आहे, अशी दंतकथा तो किमयेची टवाळी करण्यासाठी सांगतो. मालव्यात ‘नागर’ लिपी चालते, अशीही नोंद आहे.

पंचांगातल्या शकाशी त्याचा काय संबंध?

फार उपयोगाचा. निरनिराळ्या कालगणना जुळवण्यासाठी त्याने इराणी राजा यज्दगर्द याच्या संवताचे ४०० वे वर्ष प्रमाण धरले आणि त्याच्याशी विक्रम संवत १०८८, शककाल ९५३ आणि गुप्त किंवा वलभी संवत ७१२ यांचा मेळ दाखवला. आपण शकात ७८ मिळवतो, तसे ९५३ मध्ये मिळवले की १०३१ येते. वलभी संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो, हे त्याचे विधान एकोणिसाव्या शतकात गुप्त राजांचा काळ ठरवताना कळीचे ठरले. रा. गो. भांडारकरांनीही दख्खनच्या इतिहासाला जोडलेल्या पुरवणीत या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. गुप्तांचा आरंभ इ. स. ३१९-२० चा, हे आज आपण सहज म्हणतो, त्यात या गझनीकर माणसाचा वाटा आहे.

पृथ्वीची त्रिज्या त्याने ‘अचूक’ मोजली का?

पद्धत सुंदर होती. झेलमच्या परिसरातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्याने सुमारे ६५२ हात काढली, माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकते ते ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोजले आणि त्यावरून त्रिज्या सुमारे १ कोटी २८ लाख हात आली. एका डोंगरावर एका माणसाने करायचे हे काम. परंतु ‘आधुनिक आकड्याहून फक्त इतके किलोमीटर चुकले’ अशी जी वाक्ये फिरतात, त्यांत त्या हाताची लांबी आपल्या सोयीने धरलेली असते. शिवाय हवेतल्या प्रकाशाच्या वक्रीभवनाने तो कोन बदलतो. कौतुक रीतीचे करावे, दशांशांचे नव्हे.

त्याचे इतर ग्रंथ कोणते?

एकूण दीडशेच्या आसपास ग्रंथ आणि टिपणे त्याच्या नावावर मोजली जातात. उरली त्यांतली थोडी. १०२९ चा ‘तफहीम’ हा गणित-ज्योतिषाचा प्रवेशग्रंथ रैहाना नावाच्या स्त्रीसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेला असून त्याची फारसी प्रतही आहे. ‘कानून अल-मसूदी’ हा ज्योतिषाचा महाग्रंथ सुलतान मसूदसाठी लिहिला. त्याबद्दल आलेले हत्तीभर चांदीचे बक्षीस त्याने परत केले, अशी आख्यायिका आहे. मौदूदसाठी रत्ने आणि धातू यांवरचा ‘जमाहिर’, आणि शेवटी औषधींवरचा ‘सैदना’, तोपर्यंत त्याने चांद्र गणनेने ऐंशी ओलांडली होती. १०५० च्या आसपास तो गझनीतच वारला.

मराठी वाचकाने कुठून सुरुवात करावी?

एडुआर्ड साखाऊ या जर्मन पंडिताने मूळ अरबी ग्रंथ १८८७ मध्ये छापला आणि पाठोपाठ त्याचे इंग्रजी भाषांतर केले. आजही बहुतेकांच्या हाती तेच पडते. पहिल्या प्रकरणापासून सरळ वाचत गेल्यास ग्रहगणिताच्या प्रकरणांत वाट हरवते. प्रथम पहिले, मग मार्गांचे अठरावे, मग शककालाचे एकोणपन्नासावे आणि सोमनाथ व ग्रहणांची अठ्ठावन्नावे-एकोणसाठावे अशी वाचावीत. वाचताना प्रत्येक विधानाशेजारी समासात पेन्सिलीने ‘पाहिले’, ‘वाचले’ की ‘ऐकले’ एवढे टिपत जावे. हे वर्ग त्यानेच आखून दिलेले असल्यामुळे बहुतेक ठिकाणी अडत नाही.